निदानाचे पैसे वेगळे द्या

(कोल्हापुरात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढा पाऊस असून हॉल भरलाय, म्हणजे गाडीच्या बिलानं पोळलेली माणसं गावात बरीच दिसतात. पत्रिकेत विषय छापलाय ‘मोटार दुरुस्ती आणि ग्राहक’. मला जे सांगायचंय ते एका वाक्याचं आहे. बिघाड कुठं आहे हे शोधण्याचे पैसे आपण कुणाला देत नाही, म्हणून ते पार्टातून वसूल होतात. हे शेवटी नीट उलगडून सांगतो. आधी एक हकिकत ऐका, कारण तिच्यातूनच हा विचार पक्का झाला.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांची लहान गाडी आहे, जुनी पण निगुतीनं ठेवलेली. ऐन एप्रिलात एसी बंद पडला. हायवेला लागून ती मोठी काचेची वर्कशॉपं झालीत ना, गावोगावी एकाच नावाची, तसल्या एका ठिकाणी बाईंनी गाडी दिली. संध्याकाळी फोन आला : कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेलाय, कंडेन्सर खराब, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावा लागेल, शिवाय गॅस. एकूण ४१,००० रुपये. बाई घाबरल्या आणि माझ्याकडं आल्या. माझं आयुष्य आयटीआयच्या पोरांना मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेलंय, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची दुखणी माझ्या दारात येतात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंबरोबर गेलो. तिथं बसायला सोफा, मशिनची कॉफी, आणि मध्ये जाड काच. काचेपलीकडं गाडी. पलीकडं जायची परवानगी नाही, म्हणे सेफ्टी. सर्व्हिस ॲडव्हायझरनं टॅबवर एका गंजलेल्या कंप्रेसरचा फोटो दाखवला. मी विचारलं, “हा याच गाडीचा कशावरून?” उत्तर नाही. “गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावला होता का? प्रेशर किती आलं?” तर म्हणतो, “सर, सिस्टीमनं दाखवलंय.” आता मंडळी, सिस्टीम काय दाखवते? गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की बिघाडाचा एक कोड येतो. समजा पी ०४२० आला. त्याचा अर्थ एवढाच, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचं, काम अपेक्षेपेक्षा कमी होतंय असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. कारण कन्व्हर्टर असेल, ऑक्सिजन सेन्सर असेल, नाहीतर एक्झॉस्टच्या पाइपाला कुठं गळती असेल. त्यातलं नेमकं काय, हे माणसानं शोधायचं असतं. कोड वाचून सरळ सगळ्यात महागडा पार्ट लिहायचा, याला मी निदान म्हणत नाही. माझ्या वर्गात असं उत्तर लिहिणाऱ्याला मार्क मिळाले नसते.

बरं, पैसे राहू देत. मला संताप आला तो त्या काचेचा. हे कोल्हापूर आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस आपल्यासमोर पिळली जाते आणि धारोष्ण दुधाचा ग्लास हातात येतो. आपल्यादेखत धार काढल्याशिवाय जिथं माणूस दूध पीत नाही, त्या गावात आपण लाखांची गाडी काचेपलीकडं सोडून निमूट कॉफी पितो? (हशा) हसू नका, मी मनापासून सांगतोय.

गाडी तिथून काढली आणि उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, एका मिस्त्रींकडं नेली. आता हे बघा बारकाईनं. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, बाईंना एसीचं बटण दाबायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये कान दिला. एसी चालू होताना कंप्रेसरचा क्लच ‘टक्’ करून चिकटतो. टक् झालंच नाही. मग गेज जोडला. दोन्ही काटे सारख्या प्रेशरवर उभे, म्हणजे कंप्रेसर फिरतच नव्हता. म्हणाले, “गॅस हाय की वो भरपूर.” मग फ्यूज बॉक्स उघडला. त्यात काड्यापेटीहून लहान चौकोनी डब्या असतात, रिले, म्हणजे विजेचे छोटे स्विच. त्या गाडीत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच जातीचा. मिस्त्रींनी दोन बोटांनी हॉर्नचा रिले उपसला आणि एसीच्या जागी बसवला. टक्! पाच मिनिटांत गार वारा. एसी आला, हॉर्न गेला. बाई म्हणाल्या, “अहो, कोल्हापुरात एसीशिवाय चालेल, हॉर्नशिवाय बाहेर कशी पडू?” (हशा, टाळ्या) पोरगं पळत जाऊन नवा रिले घेऊन आलं. दोनशे चाळीस रुपये.

आता खरी गोष्ट. बाईंनी विचारलं, “तुमचे किती?” मिस्त्री म्हणाले, “काय न्हाई वो, रिलेचे द्या फक्त.” म्हणजे ४१,००० चं निदान खोटं होतं, आणि जे खरं होतं त्याची किंमत शून्य! त्या कान देण्यात, त्या रिलेच्या अदलाबदलीत त्या माणसाचं सगळं आयुष्य होतं, आणि त्याचं मोल कुणीच धरलं नाही, त्यानं स्वतःही नाही. त्याच मिस्त्रींचा मुलगा आज एका साखळी वर्कशॉपात नोकरीला आहे. बापाच्या धंद्यात भागत नाही म्हणाला. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, ज्या उद्यमनगरानं ऑइल इंजिनं बनवली, तिथं हाताच्या अकलेला दर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

साखळी वर्कशॉपातली पोरं जन्मजात लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. त्यातली कित्येक माझ्या हाताखालून गेलीत. एकानं मला सांगितलं, “सर, गाडी बघायला वेळ मिळतो पंधरा मिनिटं, आणि महिन्याचा आकडा वरून येतो. इतकी इंजेक्टर क्लिनिंग, इतकी अलाइनमेंट, इतकी अंडरबॉडी कोटिंग.” आकडा गाठला तर इन्सेन्टिव्ह, नाही गाठला तर सगळ्यांसमोर बोलणी. तुम्हीच सांगा, त्या पोराला तुमचं सस्पेन्शन चांगलं दिसेल का?

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत सिअर्स नावाची दुकानांची प्रचंड साखळी होती, तिची गॅरेजंही होती. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्यानं तिच्यावर कारवाई केली. खात्याची माणसं गिऱ्हाईक बनून गेली होती. ३८ पैकी ३४ वेळा त्यांना नको असलेलं काम गळ्यात मारलं गेलं. खोलात गेल्यावर मूळ सापडलं कमिशन आणि कोट्यात : एका पाळीत इतके शॉक ॲब्सॉर्बर, इतकी अलाइनमेंट खपलीच पाहिजेत. प्रकरण अंगाशी आल्यावर कंपनीनं ॲडव्हायझरांचं कमिशन बंद केलं. कॅलिफोर्नियात १९७१ पासून गाडी दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा आहे. लेखी एस्टिमेट द्यायचं, त्याबाहेर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि आधी सांगून ठेवलं असेल तर काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा. एवढा कायदा असून हे घडलं, म्हणजे पगाराची रचना कायद्यावरसुद्धा मात करते.

आपल्याकडं दुसरी अडचण. गाडी बनवणाऱ्या कंपन्या स्पेअर पार्ट आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर बाहेरच्या मिस्त्रीला मिळू देत नव्हत्या. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. पुढं अपिलं झाली, तो वेगळा विषय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्यानं ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. तरी आमचे मिस्त्री आजही...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. मुख्य मुद्दा तसाच राहिलाय, भरभर सांगतो.

गाडी देताना पहिलं वाक्य हे म्हणा : “फक्त तपासा आणि लिहून द्या, तपासणीचे काय होतील ते सांगा. दुरुस्तीचं मी नंतर ठरवीन.” तीनशे, पाचशे, काय असतील ते द्या, घासाघीस करू नका. पैसे मोजलेत म्हणून तुम्हाला कागद मागता येतो. कागदावर नुसतं ‘ब्रेक पॅड खराब’ नको, मिलिमीटर हवेत. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. ६ असेल आणि बदला म्हणत असतील तर घरी जा. बॅटरी म्हणत असतील तर व्होल्ट लिहून घ्या : गाडी रात्रभर उभी ठेवल्यावर १२.६ च्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण आहे, मग लोड टेस्टचा, म्हणजे बॅटरीवर भार टाकून घेतलेल्या चाचणीचा, आकडा मागा. तो कागद घेऊन वाटल्यास दुसरीकडं जा. तपासणाऱ्याचे पैसे फिटलेत, त्याला खोटं बोलायचं कारण उरत नाही. काम करून घेतलंत तर जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीय. फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं जा. सेवेपोटी ५ लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर तक्रारीला फी नाही, आणि वकील लागतोच असंही नाही.

आणि हे फक्त काचेवाल्यांसाठी नाही. उद्यमनगरातही एकाच्या जागी तीन पार्ट लिहिणारे आहेत, आणि फुकट निदान करून पार्टात दोन पैसे लावणारा मिस्त्री त्याच वाटेवर उभा आहे. म्हणून मिस्त्री मंडळींना माझी हात जोडून विनंती, फुकट सांगणं बंद करा. गॅरेजवर पाटी लावा : ‘तपासणी फी अमुक, लेखी अहवालासह’. पहिले महिनाभर गिऱ्हाईक कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आज इथं गॅरेजवाले बरेच आलेत, मागं उभे दिसतायत. कार्यक्रम संपल्यावर लगेच जाऊ नका. खालच्या खोलीत चहा आहे, तिथं बसून फीचा आकडा आजच ठरवू, आणि अहवालाचा नमुना मी लिहून आणलाय तो वाटून घेऊ.