पुण्याचे दोन समुद्र

(दृश्य : शनिवार, पहाटेचा अंधार. चांदणी चौकातून पिरंगुटकडे लागलेली गाड्यांची रांग.)

पावणेपाच वाजलेत. डिकीत चटया, बॅट, चिवड्याचा डबा. मागच्या सीटवर पेंगणारी पोरं. पौड, मुळशी, ताम्हिणीचा घाट, मग माणगाव, म्हसळा, आणि नाश्त्याच्या वेळेला दिवेआगर. पुण्याला समुद्र नाही, असं आपण म्हणतो. पण सुट्टीच्या दिवशी कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर उभं राहा आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचा. एमएच बारा आणि एमएच चौदा मोजून थकाल.

वाटेत मुळशीचं धरण लागतं. सगळेच इथे थांबतात, फोटो काढतात, भुट्टा खातात. हे मुळा नदीवरचं धरण. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. एरवी जे पाणी पुण्याकडे, म्हणजे पूर्वेला वाहत गेलं असतं, ते इथून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलंय. ते भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि कुंडलिका नदीत येतं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. पुढे रोहा, मग रेवदंड्याची खाडी, मग अरबी समुद्र.

आणि मुठा? ती खडकवासल्याहून शहरात येते, संगमावर मुळेला मिळते, दोघी भीमेत जातात. उजनी, मग पंढरपूर. तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो, तिच्यात उतरतो, ओंजळ भरून डोक्यावर घेतो. पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला.

पुण्याला समुद्र नाही कसा? चांगले दोन आहेत.

(दृश्य : दिवेआगर, सकाळची ओहोटी. ओली वाळू, मागे सुरूचं बन.)

भरती जिथवर येऊन परत फिरते तिथे वाळूवर एक काळपट रेघ उरते. जवळ जाऊन उकिडवं बसा. सुकलेलं शेवाळ, शिंपले, सुरूच्या काड्या. त्यात अडकलेला जाळ्याचा हिरवा नायलॉनचा तुकडा. एका पायाची चप्पल. थर्माकोलचे दाणे, खेकड्यानं बिळातून काढलेल्या वाळूच्या गोळ्यांएवढेच. आणि बोटाच्या पेराएवढे पांढरे त्रिकोण, एक, दोन, पाच, सात. हे काय असावं, ते आम्हाला बराच वेळ कळेना. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे होते ते. पिशवी भंगारात जाते, धुऊन परत वापरात येते. कोपरा मात्र ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात. पिशवीला नुसती चीर द्यायची, कोपरा तोडायचा नाही, एवढ्यानं हा त्रिकोण जन्मालाच येत नाही.

पावसाळ्यात समुद्र हे सगळं आणून किनाऱ्यावर टाकतो, सोबत डांबराचे चिकट काळे गोळेही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करतात. १९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झालेली ही प्रथा आता आपल्याकडेही रुजलीय. मुलं हातमोजे घालून येतात, पोती भरतात. ती मुलं पाहिली की बरं वाटतं, मनापासून.

पण पोती भरून उचलता येते ती किनाऱ्यावरची घाण. पोरं ज्यात डुंबतायत त्या पाण्याचं काय?

(दृश्य : कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस, हातात निर्जंतुक केलेली बाटली.)

पाण्याचा नमुना घ्यायची एक रीत आहे. कमरेएवढ्या पाण्यात जायचं. बाटली उलटी धरून हातभर खाली न्यायची, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून भरून घ्यायची, बूच लावायचं आणि लगेच बर्फात. मग प्रयोगशाळेची घाई, कारण वेळ गेला की आतले जंतू मरतात किंवा वाढतात आणि आकडा खोटा होतो. तिथे ते पाणी काचनळ्यांमधल्या पोषक द्रावात घालून साडेचव्वेचाळीस अंशांवर उबवत ठेवतात. एवढ्या उष्णतेला तग धरून वायू सोडणारे जे जीवाणू, ते बहुतेक माणसाच्या नाहीतर जनावराच्या आतड्यातले. कुठल्या नळीत बुडबुडा धरला, यावरून हिशेब लागतो. समुद्रात आंघोळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं घातलेली मर्यादा आहे १०० मिलिलिटर पाण्यात १००. नदीतल्या स्नानासाठी ५०० असावेत, आणि २५०० च्या वर तर नाहीच नाही.

हा निकाल हाती यायला दोन-तीन दिवस लागतात. शनिवारी डुंबलेलं कुटुंब तोवर घरी पोचलेलं असतं. सोमवारी पोराला जुलाब लागले तर आई म्हणते, बाहेरचं खाल्लं. अंगावर पुरळ उठली तर उन्हाचं नाव. पाण्यावर संशय जातच नाही, कारण पाणी दिसायला स्वच्छच असतं.

ऊन हे या जंतूंचं औषध आहे. नितळ पाण्यात, कडक उन्हात ते लवकर मरतात. गढूळ पाण्यात मात्र त्यांना आडोसा मिळतो. म्हणून जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस, आणि जिथे व्हाळ, म्हणजे ओढा, किंवा गटार येऊन मिळतं तिथे तर कधीच, लेकरांना पाण्यात सोडू नये. आणि नेमकं तिथेच पाणी उथळ असतं, लाटा कमी असतात, लहानग्यांना बरं म्हणून आपण तिथेच बसवतो.

(दृश्य : नारळी-पोफळीची वाडी. विहीर. मागच्या अंगाला सहा नव्या खोल्या.)

जिथे एका घराचा एक संडास होता तिथे आता सहा खोल्यांचे सहा. शनिवार-रविवारी वीस माणसं. घरचं माणूस कष्टानं हे उभं करतं, उकडीचे मोदक हातानं वळून वाढतं. त्यांना दोष द्यायला आम्ही आलेलो नाही. पण खालची जमीन रेताड, पाणी हात-दोन हातांवर. चार माणसांसाठी खणलेल्या शोषखड्ड्यात वीस माणसांचं ओतलं तर ते मुरतं, पण गाळलं जात नाही. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला व्हाळ, आणि व्हाळ जातो समुद्राला.

आपल्या शहरात तरी वेगळं काय आहे? देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी २०१८ मध्ये निघाली तेव्हा ३५१ पैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते. पुण्यात जपानच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं उभारायचा करार २०१६ चा. कामं रेंगाळली, आणि त्या काळात किती आषाढ्या झाल्या, किती लाख माणसं चंद्रभागेत उतरली. पुण्यात टाकी ओढली की पंढरपूर आठवायला हवं. मला तरी हल्ली आठवतं.

२०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाला, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय झेंडा. त्या आठांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. त्यासाठी ३३ निकष लागतात. स्नानाच्या पाण्याचे अहवाल किनाऱ्यावर फलक लावून दाखवावे लागतात. तसा फलक आपल्या प्रत्येक किनाऱ्यावर हवा. झेंड्याचं नंतर पाहू.

(दृश्य : पुणे, कर्वेनगरमधलं स्वयंपाकघर. ओट्याशी उभी बाई फोनवर.)

"काकू, पुढच्या महिन्यात आम्ही आठजण आहोत. दोन खोल्या."

"हो हो, या ना. मांसाहारी की शाकाहारी?"

"दोन्ही. आणि काकू, एक विचारू? संडासाचं पाणी कुठे जातं हो तुमच्याकडे? शोषखड्डा विहिरीपासून, व्हाळापासून किती लांब आहे?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मागे कोंबडा आरवतो.

"असं आजवर कोणी विचारलंच नाही गो. एसीचं विचारतात. थांब हं, ह्यांना हाक मारते."