थेंबभर हेड सिमेंट

(हौशी गळकऱ्यांच्या पुण्यातल्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

ही बाटली बघा. छोटी, काचेची, तळाशी मधाच्या रंगाचा खडा. उलटी केली तरी हलत नाही. पेनसिल्व्हेनियात मी फ्लाय, म्हणजे मासे धरायचे नकली किडे, बांधायला शिकले, त्या पहिल्या हिवाळ्यात घेतलेलं हे हेड सिमेंट. यातलं फार तर दहा-बारा फ्लायना लागलं असेल. बाकीचं मी झाकण अर्धवट लावून हवेला दिलं. घर बदललं, देश बदलला, ही बाटली मात्र मी टाकली नाही. आपण सगळे सिमेंट कुठलं चांगलं यावर तासभर वाद घालतो. पण चांगलं सिमेंट वाया जातं ते फ्लायवर नाही, बाटलीत.

तुमच्यातले बरेच जण गरवणारे आहेत. कणकेचा गोळा लावून रोहू-कटला काढणारे किंवा कोकणात खाडीवर गरी टाकणारे. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ट्राउट माशांसाठी पहिल्यांदाच फ्लाय बांधणार असाल, तर दोन वाक्यांत सांगते. गळावर दोऱ्याने पिसं, केस, लोकर आवळून नकली किडा करायचा. शेवटी सगळी टोकं गळाच्या नेढ्यामागे येऊन दोऱ्याच्या वेढ्यांखाली दबतात, त्या गुंडाळीला हेड म्हणतात. व्हिप फिनिशची गाठ मारून दोरा कापला की त्या हेडवर जो थेंब सोडतात, तो हेड सिमेंट. नावात सिमेंट असलं तरी हे एक प्रकारचं व्हार्निशच.

गाठ सैल असेल तर हा थेंब तिला वाचवत नाही. फ्लाय धरून ठेवते ती गाठ. सिमेंटचं काम राखणीचं: दोऱ्याला पाणी लागू न देणं, दगडावर घासून आणि ट्राउटच्या दातांनी तो तुटू न देणं. व्हिप फिनिश नीट आवळलेलं असेल तर मेण लावलेला दोरा सिमेंटशिवायही बराच टिकतो. अगदी बारीक ड्राय फ्लायना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायना, सिमेंट न लावणारे कसलेले बांधणारे मी पाहिलेत. मी लावते, पण सवय म्हणून लावते हे कबूल करते.

हे रसायन परदेशी वाटतं ना? यातला एक जुना प्रकार आपल्याच रानातला आहे. चपडा लाख. जुन्या सुताराकडे लाकडाला पॉलिश करताना पाहिली असेल, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक किडा ही राळ सोडतो. झारखंड आणि छत्तीसगड हे तिचे मोठे मुलूख. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ साली उभी राहिली, इतका हा धंदा मोठा होता. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. म्हणजे किड्याच्या राळेने नकली किड्याचं डोकं पक्कं करायचं. हा योगायोग मला फार आवडतो, त्यामुळे लाखेची बाजू मी जरा जास्तच घेते, हे लक्षात ठेवून ऐका.

लावायची रीत थोडक्यात. नुसत्या टोचणीच्या टोकावर राहील एवढाच थेंब घ्या. सोळा नंबरच्या गळाचं हेड मोहरीएवढंही नसतं, त्याला बाटलीच्या झाकणातला ब्रश म्हणजे भिंत रंगवायचा कुंचला. पहिला हात पातळ हवा, म्हणजे तो दोऱ्यांच्या वेढ्यांत झिरपतो. घट्ट सिमेंट नुसतं वर बसतं, छान चकाकतं आणि आत दोरा कोरडाच राहतो. तकाकी हवी असेल तर पहिला हात वाळल्यावर दुसरा द्या. पिसाला सिमेंट लागू देऊ नका. ते तंतूंतून वर चढतं आणि ड्राय फ्लायचं कोंबड्याच्या मानेचं पीस चिकटून बसतं, मग ती तरंगत नाही. आणि ओलं असतानाच नेढ्यातून एका पिसाचा सोललेला दांडा ओवून काढा. हे मी एकदा विसरले होते. पहाटे, बर्फगार पाण्यात गुडघाभर उभी, बोटं बधिर, आणि एकेका फ्लायचं नेढं बुजलेलं! पाचवी फ्लाय हातात घेईपर्यंत समोरचा मासा कंटाळून गेला असावा.

आता बाटलीकडे येऊ. सगळी सिमेंटं एकाच कारणाने खराब होत नाहीत. कोणतं कशामुळे वाळतं ते कळलं की कसं ठेवायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

लॅकर, म्हणजे नेलपॉलिशच्या जातीचं सिमेंट, नुसतं द्रावक उडून वाळतं. त्यात रासायनिक बदल काही होत नाही. म्हणून घट्ट झालेलं लॅकर त्याच्या थिनरचे दोन-चार थेंब घालून पुन्हा पातळ करता येतं. थिनर थेंबाथेंबाने घालायचं, बाटली हलवायची, थांबायचं. माझी ही बाटली त्या वेळी सहज वाचली असती. तेलाच्या व्हार्निशचं तसं नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून अर्ध्या रिकाम्या बाटलीत त्यावर साय येते. ती साय टर्पेंटाइनने परत विरघळत नाही. उपाय एकच, बाटलीतली हवा कमी करायची: लहान बाटलीत काढून ठेवा, नाहीतर आत काचेच्या गोट्या सोडा, पातळी गळ्यापर्यंत येते. पोरांच्या गोट्या चालतात, फक्त धुऊन पूर्ण कोरड्या करा.

लाखेचं दुखणं आणखी वेगळं. स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली लाख बाटलीत हळूहळू बदलते आणि काही महिन्यांनी लावली तर वाळतच नाही, बोटाला चिकटत राहते. म्हणून थोडीच करायची, बाटलीवर तारीख लिहायची आणि वापरण्याआधी काचेवर एक थेंब वाळवून बघायचा. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपलं झटपट चिकटणारं गोंद, ओलाव्याने घट्ट होतं. त्यामुळे त्याचा शत्रू आपला जुलै महिना. सीलबंद ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर थंड तोंडावर दव धरतं आणि ते आत जातं. यूव्ही रेझिन अतिनील प्रकाशाने घट्ट होतं, म्हणून त्याला ऊन चालत नाही. खिडकीशी बसून बांधत असाल तर उघडं तोंड उन्हाकडे धरू नका, तोंडाच्या सुईतच ते घट्ट होऊन बसतं.

थिनरच्या बाबतीत एक पक्कं ठरवा: ज्याचं त्यालाच. लॅकरला लॅकर थिनर, व्हार्निशला टर्पेंटाइन, लाखेला स्पिरिट, पाण्याच्या सिमेंटला पाणी. चुकीचं घातलं की दुधात लिंबू पिळल्यासारखं नासतं. हो, आणि पावसाळ्यात लॅकर आणि लाख लावून वाळल्यावर पांढुरकी दिसली तर घाबरू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते. कोरड्या दिवशी पुन्हा एक पातळ हात दिला की बहुतेक वेळा जातं.

झाकण घट्ट बसून निघत नाही, ही तक्रार सगळ्यांची. बाटलीच्या आट्यांवर सिमेंट वाळतं म्हणून ते होतं. वापरून झालं की तोंड पुसा आणि आट्यांना व्हॅसलीनचं पुसट बोट फिरवा. पुसट म्हणजे पुसट, आत पडलं तर सिमेंट धरणार नाही. बाटली काचेचीच हवी. काही द्रावकं साध्या प्लॅस्टिकची डबी विरघळवतात, मी एक डबी टेबलासकट घालवली आहे. आणि बाटली लवंडते, लवंडतेच. जुन्या हवाई चपलेच्या तळव्यात बाटलीच्या मापाचं भोक पाडा आणि त्यात ती खोवा. माझी गेली सहा वर्षं अशीच उभी आहे.

परदेशातल्या भाच्याला ‘येताना एक बाटली आण’ असं सांगू नका. ज्वालाग्राही सिमेंट आणि थिनर विमानाच्या सामानात चालत नाही. इथे नेलपॉलिशच्या दुकानातला पारदर्शक हार्डनर आणि पॉलिशवाल्याकडची लाख मिळते, त्यावर सुरुवात उत्तम होते.

मागून प्रश्न आला, फेविकॉल चालेल का? साधं पांढरं फेविकॉल पाण्यात मऊ पडतं. फ्लाय पाण्यातच राहायची आहे, तेव्हा नको.

आता या तीन बाटल्या फिरवते, एक लॅकरची, एक लाखेची, एक पाण्याची. प्रत्येकाने टोचणीवर थेंब घेऊन बघा, सुटतो कसा. लॅकरच्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून खाली उतरत लांबपर्यंत जाते आणि साध्या ठिणगीने पेटते. तेव्हा मागच्या दोन्ही खिडक्या उघडा, आणि त्या फोटोपुढची उदबत्ती कोणीतरी आधी विझवा. विझली? मग झाकण उघडते.