पाणी स्वस्त, बाटली महाग: न्यूयॉर्कचे सोडावाले

सोड्याची ही जुनी बाटली नीट बघा. जाड हिरवट काच, तोंडाशी फुगीर गोल कड आणि पोटावर उठावाच्या अक्षरांत मालकाचं नाव, खाली बऱ्याचदा त्याच्या दुकानाचा रस्ता. काहींवर अजून एक ओळ असते, 'ही बाटली विकायची नाही'. न्यूयॉर्कमध्ये जुन्या घरांच्या मागचे संडासाचे खड्डे उकरणारे छांदिष्ट लोक आहेत, त्यांना अशा बाटल्या आजही सापडतात, आणि नावं वाचत गेलं की हा आयरिश, हा जर्मन, हा अजून एक जर्मन.

तसं बघायला गेलं तर सोड्याचा धंदाच बाहेरून आलेल्यांचा. १७६७ मध्ये इंग्लंडच्या लीड्समध्ये जोसेफ प्रिस्टली शेजारच्या बिअरच्या भट्टीत जाऊन, आंबणाऱ्या पिंपाच्या वर साचलेला गॅस पाण्यात कसा मुरवता येईल ते बघत बसायचा (हा माणूस पुढे स्वतःच अमेरिकेत गेला). मग जर्मनीत जन्मलेला याकोब श्वेपे, त्याने जिनिव्हात सोडा बनवायला घेतला आणि १७९२ मध्ये तो थेट लंडनला आला. कुठेच मूळचा नाही, आणि बाटलीवर नाव मात्र त्याचं!

न्यूयॉर्कमध्ये हे काम मोठं केलं जॉन मॅथ्यूजने. जन्म १८०८, इंग्लंडमधला, तिथेच यंत्रकाम शिकला आणि १८३२ च्या सुमारास इकडे आला. त्याच वर्षी शहरात कॉलरा होता, साडेतीन हजाराच्या आसपास माणसं गेली, क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी नळाने यायला अजून १० वर्षं होती, तोवर विहिरी आणि हापसे, त्यांच्या पाण्याला वास. मॅथ्यूजने गोल्ड स्ट्रीटवर कारखाना टाकला. कृती ऐकायला सोपी आहे. आतून शिशाचं अस्तर लावलेल्या लोखंडी टाकीत संगमरवराचा चुरा टाकायचा, त्यावर सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, जो गॅस निघेल तो पाण्यातून धुवून घ्यायचा आणि मग गार पाण्यात दाबाने घुसळायचा, झाला सोडा. फिफ्थ ॲव्हेन्यूवर सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल बांधत होते तेव्हा तिथल्या संगमरवराच्या कपच्या त्याने उचलल्या, आणि त्यातून अडीच कोटी गॅलन सोडा निघाला असं सांगतात. चर्चचा दगड लोकांनी ढेकर देत पचवला म्हणायचं.

पण दाब मोजायचा कशाने? तर अंगठ्याने. मॅथ्यूजकडे बेन ऑस्टेन नावाचा माणूस होता, पूर्वीचा गुलाम, नंतर सुटलेला. टाकीच्या तोटीवर तो अंगठा दाबून धरायचा, आणि गॅसने अंगठा उडवला की समजायचं १५० पौंडाच्या आसपास दाब झाला, आता बस. धंद्यात या मापाला 'बेनचा अंगठा' असंच म्हणायचे. आता टाकी कुठे कच्ची असली तर फुटणार आणि समोर उभा कोण, तर बेन. मॅथ्यूजची कबर ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड दफनभूमीत आहे, भलतीच नक्षीदार, त्याच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. बेनचा एक अंगठा तेवढा शब्दात उरला.

मॅथ्यूज यंत्रं विकायचा. गल्लीतला सोडा भरणारा वेगळा, तो चार माणसांत चालणारा छोटा धंदा, आणि जहाजातून उतरलेल्या माणसाला तो जमायचा कारण त्यात दुकानाची सजावट नको, फार इंग्रजीही नको. चुरा स्वस्त, पाणी त्याहून स्वस्त. पैसा अडकायचा काचेत. आतल्या सोड्यापेक्षा बाटली महाग, गिऱ्हाईक ती परत करायचं नाही, भंगारवाला उचलायचा आणि शेजारच्या गल्लीतला दुसरा सोडावाला तुमच्याच बाटलीत स्वतःचा माल भरून विकायचा. म्हणून काचेत नाव. आणि नुसतं नाव टाकून भागेना, तेव्हा १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदाच केला की दुसऱ्याच्या खुणेची बाटली भरली तर दंड.

बूच ही अजून एक कटकट, तारेने बांधलं तरी उडायचं. इंग्लंडमध्ये हायरम कॉडने १८७२ मध्ये गळ्यात काचेची गोटी अडकवली, तोच आपला गोटी सोडा, पण अमेरिकेत ती फारशी चालली नाही, तिथे १८७९ नंतर हचिन्सनचं स्प्रिंगचं बूच चाललं.

१८८१ मध्ये रशियात झारचा खून झाला, ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि पूर्व युरोपातले ज्यू लोंढ्याने न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आले. कोंदट चाळीच म्हणा ना, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. सोड्याला हे लोक सेल्टझर म्हणायचे, जर्मनीतल्या झेल्टर्स झऱ्यावरून आलेलं नाव, आणि गमतीने 'ग्रेप्सवासर', म्हणजे ढेकरपाणी. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, सेल्टझर दोन्हींबरोबर चालतं, त्यामुळे ते रोज जेवणावर लागायचं. मग त्यांच्यातलेच सोडावाले झाले. बाटली आता सायफनची, वर धातूची तोटी, काच बोहेमियाकडून आलेली, त्यावर कोरलेलं नाव. लाकडी खोक्यात अशा बाटल्या भरून ते खोकं खांद्यावर घ्यायचं आणि चार-पाच मजले जिना चढायचा, आणि उतरताना तेवढ्याच रिकाम्या. रिकाम्या म्हणजे हलक्या असं काही नव्हतं बरं का, वजन सगळं काचेचंच.