आप्पांच्या स्कूटीचा आरसा आणि एक दयाळ

माईक मागंपर्यंत येतोय ना? हां. पत्रिकेत छापलंय की मी कॅमेऱ्याच्या सेटिंग सांगणार, ते सांगतो शेवटी, आधी एक दुखणं आहे ते बोलून घेतो.

आपल्या सांगलीत हल्ली कॅमेरेवाले खूप झालेत, चांगलंच आहे, रविवारी पहाटे गाडी काढायची, सागरेश्वर, चांदोली, सप्टेंबरात कास, आणि कृष्णेत मगर दिसली म्हटलं की घाटावर लेन्सांची रांग. मीपण जातो, नावं ठेवत नाही. पण यातल्या निम्म्या लोकांना आपल्या गल्लीतल्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते हे माहीत नसतं! जंगलात पक्षी मिळतो अर्धा मिनिट, कुठनं आला, कुठं गेला, काय पत्ता नाही. गल्लीतला रोज दिसतो. त्याचं भांडण, लग्न, पोरंबाळं सगळं खिडकीतून कळतं, आणि एकदा ते कळलं की फोटो कुठं उभं राहून काढायचा हे आपोआप कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता विश्रामबागेतली गोष्ट. शेजारी आमचे आप्पा, रिटायर्ड, स्कूटी रोज पुसणार, सीटवर जुना टॉवेल टाकणार, तसला माणूस. एका मार्चमध्ये आरशावर रोज पांढरे ओघळ आणि काचेवर बारीक बारीक डाग यायला लागले. संशय सरळ वरच्या मजल्यावरच्या पोरांवर. पोरांच्या आईशी वाजलं, मग ग्रुपवर वाजलं, सीसीटीव्हीसाठी वर्गणी काढायची इथपर्यंत गेलं (हसू नका, तुमच्या ग्रुपवर पण हेच चालतं). मला अंदाज होता, कारण उजाडायच्या आधीपासून केबलच्या तारेवर एक दयाळ गात असायचा. मी पडदा अर्धा ओढून आत स्टुलावर बसलो. उन्हाची तिरीप आरशावर पडली आणि हा आला. काळाभोर अंग, पोट पांढरं. आरशाच्या वरच्या कडेवर बसला, शेपटी उभी केली, खाली वाकून काचेत बघितलं आणि मारली झेप! पाय काचेवर, चोच काचेवर, घसरला की परत वर, आणि मध्येच, हे मला लई आवडतं, आरशाच्या मागं जाऊन डोकावून आला. गडी पळाला कुठं म्हणून.

विणीचा हंगाम ना, नर आपली हद्द सांभाळतो, काचेतला त्याला दुसरा नर वाटतो. खरा नर असता तर दोन दणके खाऊन निघून गेला असता, काचेतला जातच नाही, मग दयाळाचं भांडण संपत नाही आणि बसल्या बसल्या ओघळ.

फोटो आप्पांना दाखवला. "आयला, हा होय!" म्हणाले आणि दोन्ही आरशांना जुने मोजे घातले. दुसऱ्या दिवशी पक्षी समोरच्या डॉक्टरांच्या गाडीवर. आप्पा तिथंपण मोजे घेऊन हजर, डॉक्टरांना न विचारता! वरच्या पोरांना मात्र सॉरी काय म्हणाले नाहीत. पुढं घरटंपण आप्पांनीच शोधलं, कंपाउंडच्या भिंतीत पाइपासाठी पाडलेल्या भोकात. दयाळ असल्याच बिळात, ढोलीत घरटं करतो. पावसाळा संपल्यावर रंगकाम निघालं, मी म्हटलं तेवढं एक भोक ठेवा, तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "साहेब, भोकं बुजवायचं एस्टिमेटमध्ये आहे." बुजवलं. पुढच्या मार्चला दयाळ गायला होता, घरटं आमच्याकडं नव्हतं. आपण भिंती गुळगुळीत करायच्या आणि मग पक्षी कमी झाले म्हणायचं, हे...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं लिहिलंय, म्हणजे पाच. तर सेटिंग.

उडणाऱ्यासाठी शटर एक हजारच्या वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वेगात, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढला तर वाढू दे, फोटोत दाणे आले तर चालतात, हललेला फोटो चालत नाही. गायबगळ्याच्या मागं गडद झाडी असली की तो पांढराफटक जळतो, तिथं एक्स्पोजर मायनसला, म्हणजे फोटो थोडा गडद करायचा. कावळा तारेवर, मागं आभाळ, तिथं प्लसला, म्हणजे उजळ. फोकस डोळ्यावर. सरडा, खार असेल तर खाली बसा, गुडघे दुखले तरी. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर झटकू नका, बहुतेक फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवी होते, मोबाईलनं रोज एक फोटो काढा. घरट्याजवळ फ्लॅश नाही, फांद्या बाजूला करायच्या नाहीत, मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही, आणि घरट्याचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही, कितीही कौतुक वाटलं तरी. फोटोला तारीख आणि ठिकाण टाका, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, चढवा. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे आपल्या आसपासच्या पक्ष्यांची मोजणी, असतो, आपल्याकडं २०१३ पासून चालतो, त्यात गच्चीवर पंधरा मिनिटं उभं राहून मोजलं तरी चालतं. चिमण्या, कावळे, पारवेसुद्धा लिहायचे, लोक नेमके तेच गाळतात.

प्रश्न घेऊ. लेन्स किती एमएमची ते सोडून काहीही विचारा.