एकत्र शिकले, म्हणजे नेमके काय झाले?

पडद्यावर दिसते आहे ती वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांतील लोकांना एकत्र शिकवणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील एक चर्चा. नमुन्यादाखल रचलेली, पण अशा वर्गांत शिकवलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल अशी. रुग्णालयातून घरी जाणाऱ्या एका वृद्ध रुग्णाविषयी परिचारिकेने लिहिले आहे की रात्री उठताना त्यांना चक्कर येते. झोपेची आणि रक्तदाबाची गोळी एकाच वेळी दिली जाते का, असे फार्मासिस्ट विचारतात. फिजिओथेरपिस्ट पडण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधतात. मग डॉक्टरांची एक ओळ येते, 'गोळीची वेळ बदला', आणि चर्चा तिथेच थांबते.

चौघांनाही प्रमाणपत्र मिळेल, आणि समाधानाच्या प्रश्नावलीत चौघेही बहुधा चांगले गुण देतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यानुसार, दोन किंवा अधिक व्यवसायांतील विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हाच ते आंतरव्यावसायिक शिक्षण ठरते. एकच व्याख्यान आपापल्या पडद्यावर पाहणे म्हणजे फार तर 'सोबत' शिकणे. गुणवत्तेचा खरा कस लागतो तो 'कडून' या शब्दापाशी.

मोजण्याची साधने नाहीत असे नाही. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम या चार पातळ्या या क्षेत्रातील अभ्यासकांनी पुढे सहापर्यंत वाढवल्या, आणि त्यांत इतर व्यवसायांकडे पाहण्याच्या दृष्टीतील बदल, संस्थेच्या कार्यपद्धतीतील बदल व रुग्णाला झालेला लाभ यांना स्वतंत्र स्थान दिले. मूल्यमापन मात्र बरेचदा पहिल्या दोन-तीन पातळ्यांवरच अडते, कारण प्रश्नावली भरून घेणे सोपे असते, तर काही महिन्यांनी वॉर्डात जाऊन कोण कोणाला विचारते हे पाहणे कष्टाचे. रुग्णाच्या लाभाचे श्रेय एकट्या अभ्यासक्रमाला देणेही अवघडच, कारण दरम्यान कर्मचारीसंख्या आणि कार्यपद्धतीही बदललेल्या असतात.

निदान चर्चेची नोंद तरी हाताशी असते, आणि प्रत्यक्ष वर्गात हवेत विरणारे बोलणे इथे जसेच्या तसे उरते, ही ऑनलाइन माध्यमाची जमेची बाजू आम्हाला मोठी वाटते. किती जणांनी किती वेळा लिहिले, हे यंत्रच मोजून देते. कोणाच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले, हे मात्र माणसालाच वाचावे लागते.

पुन्हा एकदा पडद्याकडे पाहू. फार्मासिस्टचा प्रश्न अनुत्तरितच आहे. दोन्ही गोळ्या रोज कधी दिल्या जातात हे परिचारिकेला ठाऊक होते. गोळीची वेळ बदलण्यापूर्वी तिला ते कोणी विचारले नाही.