रोग वेगळा, दुखणं वेगळं: व्हायवाआधी एवढं ऐका

नमस्कार मंडळी. आवाज बसलाय, सलग तीन नाइट झाल्यात, सांभाळून घ्या. मागच्या व्हिडिओखाली एकच मागणी: "सिस्टर, नर्सिंग फंडामेंटल्सचा हेल्थ-इलनेसचा चॅप्टर सोपा करून सांगा." घ्या.

व्याख्या पटकन उरकू. जागतिक आरोग्य संघटना, १९४८: आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असं संपूर्ण स्वास्थ्य. एकाने कमेंटमध्ये विचारलंय, 'संपूर्ण' स्वास्थ्य असलेला माणूस दाखवा. नाही दाखवता येणार बाबा. तीन नाइटनंतर तर आरशातही नाही. पेपरात मात्र हेच लिही.

गाडी अडते ती डिसीज आणि इलनेसपाशी. दोन्हीला 'आजार' म्हणून मोकळे होता, मग गोंधळ होणारच. आपल्या आज्यांकडे दोन वेगळे शब्द होते की! रोग आणि दुखणं. रोग रिपोर्टमध्ये दिसतो. दुखणं माणूस भोगतो, आणि त्याच्याबरोबर घर भोगतं.

ओपीडीत बीपी १७०/१००. माणूस वडापाव खाऊन चालत आलेला, म्हणतो, "मला कुठे काय होतंय?" खोटं बोलत नाहीये तो. रोग आहे, दुखणं नाही. मग रोजची गोळी कशासाठी घ्यायची, हे त्याला आतून कळणार कसं?

आता उलटं. बाईला धडधड, झोप नाही, हातपाय गळाल्यासारखे. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आपण काय सांगतो? "काही नाही झालेलं, जा घरी." रोग सापडला नाही, दुखणं आहेच. समाजशास्त्रज्ञ पार्सन्स १९५१ मध्ये 'सिक रोल' सांगून गेला, की आजारी माणसाला कामातून सूट मिळते. इथे अंगात ताप असला तरी भाकऱ्या तिलाच थापायच्यात, सूट कसली!

आणि तिसरं, टीबी. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पण काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढतं. दुखणं गेलं, रोग आत बसलाय. बरोबर इथेच गोळ्या सुटतात. कळला फरक? नसेल तर बीपीवाल्यापासून परत ऐका, मी थांबते.

आता माझा राग. नर्सेस नोट्समधलं ते वाक्य: 'समजावूनही पेशंट ऐकत नाही.' हे मीही लिहिलंय. नवीन होते. एका टीबीच्या मावशींनी घरी जाऊन चार दिवसांत गोळ्या बंद केल्या. मी फाइलमध्ये ठोकून दिलं. सीनियर सिस्टरनी वाचलं आणि म्हणाल्या, "'का' ते कुठे लिहिलंयस?"

गेले परत. मावशींनी आधी दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "लघवी लाल होते गं. गोळी उष्ण पडतेय, रक्त जातंय अंगातलं. सुनेला कळलं तर ताट वेगळं करेल." गोळ्या फेकल्या नव्हत्या हो त्यांनी, चहाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आणि उष्णतेवर रोज सब्जा पीत होत्या.

टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरायचं नसतं. डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या तर मात्र लगेच दाखवायचं. हे मला तोंडपाठ होतं. दहा मिनिटं बोलले होते मी, गोळ्या किती, कधी, आहार काय, सगळं. नेमकं हेच राहिलं. शेवटी "समजलं ना मावशी?" विचारलं, त्या "हो" म्हणाल्या.

अमेरिकेत १९५० च्या दशकात टीबीच्या फुकट एक्स-रेची गाडी वस्तीत यायची, तरी लोक येईनात. ते का, या शोधातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' उभं राहिलं. माणूस उपाय करेल की नाही, ते चार मुद्द्यांवर ठरतं: मला होईल का, झालं तर किती वाईट, उपायाचा फायदा काय, आणि आड काय येतंय. मावशींच्या आड लघवीचा रंग होता आणि सून होती. मॉडेल पाठ करताना मावशी आठवा, चारही मुद्दे येतील.

एका सरांची कमेंट: "चाळीस पेशंटना एक सिस्टर, विचारत बसणार कधी?" सर, मान्य. मीही तेच चाळीस बघते. पण "समजलं का?" हे आपण विचारतोच ना? त्याऐवजी "घरी गेल्यावर कशा घेणार, मला सांगा बघू" म्हणा. आणि "या गोळीची कसली भीती वाटते का?" हे दारं-खिडक्या बघून, नातेवाईक बाहेर असताना विचारा.

मावशींचं काय झालं म्हणाल, तर त्यांनी परवानगी दिल्यावर मी सुनेलाच बोलावून रंगाचं सांगितलं. कोर्स संपला त्या दिवशी दोघी आल्या. सून मला बाजूला घेऊन विचारते, "सिस्टर, आता सब्जा बंद केला तर चालेल ना?"