शेजारच्या घरातला मृत्यू आणि आपल्या घराचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

हाँगकाँगच्या कॉन्ड्युइट रोडवर एक उंच निवासी इमारत आहे. २००९ साली तिच्यातलं एक घर ४३ कोटी ९० लाख हाँगकाँग डॉलरला विकल्याचं जाहीर झालं. घर अडुसष्टाव्या मजल्यावरचं. पण इमारतीला मजले होते फक्त ४६! बिल्डरने वरच्या मजल्यांना सरळ ६०, ६६, ६८ असे क्रमांक दिले आणि सगळ्यात वरच्याला ८८.

कारण साधं आहे. चिनी भाषांत ‘चार’ हा शब्द ‘मृत्यू’सारखा ऐकू येतो आणि ‘आठ’ हा भरभराटीच्या शब्दाच्या जवळ जातो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अर्थतज्ज्ञांनी या समजुतीची किंमत मोजली. जिथे चिनी वस्ती जास्त, तिथे चारने संपणाऱ्या क्रमांकाची घरं सुमारे २.२ टक्के स्वस्त गेली आणि आठने संपणारी सुमारे २.५ टक्के महाग. पुढे २०१५ मध्ये व्हँकुव्हरच्या महापालिकेने नव्या इमारतींत मजल्यांचे आकडे गाळायला मनाई केली. आग लागली तर अग्निशमन दलाला मजले नेमके मोजता यायला हवेत ना!

आपल्याकडेही पितृपक्षात घराचं बुकिंग थांबतं आणि दसऱ्याला गर्दी होते. त्यामुळे हे सगळं आपल्याला फार परकं वाटत नाही. पण आकड्यांची गोष्ट तशी हलकी आहे. मला आज बोलायचंय ते ‘हुंग चाक’बद्दल. ज्या घरात खून, आत्महत्या किंवा अपघाती मृत्यू झाला, त्या घराला हाँगकाँगमध्ये असं म्हणतात. अकाली गेलेला जीव तिथेच घुटमळतो, अशी श्रद्धा.

हाँगकाँगमधल्या अशा घरांच्या व्यवहारांचा संशोधकांनी अभ्यास केला. त्या घराचा भाव सरासरी २० टक्क्यांनी उतरतो. त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरांचा सुमारे १० टक्क्यांनी आणि त्या इमारतीतल्या बाकी घरांचा सुमारे ७ टक्क्यांनी. म्हणजे दुःख एका कुटुंबावर कोसळतं आणि आयुष्यभराची बचत घटते ती भिंतीपलीकडच्या माणसाचीही.

आणि तुमचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसला, तरी यातून सुटका नाही. उद्या घर विकायला काढलं, की समोरचा माणूस घाबरणार, हे तुम्हाला ठाऊक असतं. म्हणून असं घर घेताना तुम्हीही आज कमीच किंमत सांगता. बँकासुद्धा अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात. मग रोख पैसे असलेला गुंतवणूकदार ते स्वस्तात उचलतो आणि या समजुतीचं ओझं नसलेल्या परदेशी भाडेकरूला देतो. भीती एकाची, नफा दुसऱ्याचा. मला हे अन्यायाचं वाटतं.

कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली आहे. तैवानमध्ये घर विकताना, आपल्या मालकीच्या काळात तिथे अनैसर्गिक मृत्यू झाला होता का, हे विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं. चीनमध्ये ही गोष्ट लपवली म्हणून न्यायालयांनी व्यवहार रद्द केले आहेत. ते मला योग्यच वाटतं. श्रद्धा पटो वा न पटो, खरेदीदाराची फसवणूक होता कामा नये.

यातली सगळ्यात बोचणारी बाजू म्हाताऱ्या माणसांची आहे. एकट्या वृद्धाला घर भाड्याने द्यायला मालक बिचकतात. उद्या हा इथेच गेला तर घराचं काय, ही धास्ती. परंपरेने ज्या समाजात वडीलधाऱ्यांचा मान मोठा, तिथेच त्यांना दारातून परत फिरावं लागतं.

हाँगकाँगमध्ये सरकारी घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. तिथलं गृहनिर्माण प्राधिकरण लोकांनी नाकारलेली घरं एका वेगळ्या योजनेतून लवकर देतं. अशी दुर्घटना घडलेली घरंही त्यात असतात आणि काही घरांचं भाडं काही महिने कमी ठेवतात. या योजनेला अर्ज भरभरून येतात. भीती त्यांनाही वाटत असेल. पण लहानशा खोलीत मुलाबाळांसह दाटीवाटीने राहणाऱ्याला आणखी किती वर्षं थांबणं परवडेल?